लाजाळू गेली कुणाच्या मागे?

१

पिंजऱ्याला कडी घातलेली होती, पाण्याचं भांडं काठोकाठ भरलेलं होतं, पोतं नीट अंथरलेलं होतं, आणि कुत्री तेवढी नव्हती.

"मावशी, तू ये. आत्ताच्या आत्ता निघ," भाची फोनवर म्हणाली.

"मी? अगं, तुझ्याकडे चाळीस कुत्री आहेत."

"एकोणचाळीस," भाची म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

भाचीचं रडणं ऐकून घरी बसेल ती मावशी कसली? पण ही मावशी जरा वेगळी होती. नात्यात आणि कचेरीत सगळे त्यांना भागूबाई म्हणत, तेही तोंडावर. विमा कंपनीत त्यांनी तीस वर्षं दाव्यांची तपासणी केली होती. मुद्दाम पेटवलेलं गोदाम कुठलं आणि आपसूक पेटलेलं कुठलं, हे त्या राखेत बोट घालून सांगत. लबाड माणसं त्यांना घाबरत आणि त्या बाकी सगळ्याला घाबरत. झुरळं, उंच जिने, फुगे, आणि या सगळ्यांच्या वर कुत्री.

त्यात त्यांचा दोष नव्हता, घराणंच तसं होतं. आजोबा वीज चमकली की कपाटात जाऊन बसत. आई पालीला भ्यायची. सातव्या मजल्यावर राहणारा मामा जन्मात लिफ्टमध्ये चढला नाही. त्यामुळे त्याची प्रकृती ठणठणीत राहिली ही गोष्ट वेगळी. अशा घरातल्या भाचीने डॉक्टर होऊन भीती आईबापांकडून लेकरांत कशी उतरते यावर संशोधन करायचं ठरवलं, तेव्हा भागूबाई म्हणाल्या होत्या, "त्याला कुत्री कशाला हवीत? आमच्यावरच कर की."

तासाभरात त्या भाचीच्या संशोधन केंद्राच्या दारात उभ्या होत्या. दारातच रबरी बुटांची मांडणी होती. आत जाणाऱ्याने आपली पादत्राणं काढून तिथले काळे बूट घालायचे, हा नियम. पुढे लांबलचक, फिनेलने पुसलेला बोळ आणि दोन्ही बाजूंना वीस वीस पिंजरे. डावीकडची कुत्री माणूस दिसताच जाळीवर उड्या मारत होती. उजवीकडची मागच्या भिंतीला चिकटून गप्प उभी होती.

"डावीकडचं घराणं धीट, उजवीकडचं भित्रं," भाची म्हणाली.

"आपल्याकडची माणसं उजवीकडे," म्हणत भागूबाईंनी नजर खाली फरशीवर लावली. कुत्र्यांमधून जायचं तर खाली बघत जायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

"यांना दुसऱ्या कुत्र्यांची भीती नाही, मावशी. आपसात मजेत खेळतात. माणूस दिसला की मात्र थिजतात. पिल्लं जन्मल्या दिवशी धीट आईच्या कुशीत ठेवून पाहिली, तरी मोठी होऊन भित्रीच निघाली. रक्तातच आहे. आणि त्यांतली सगळ्यांत भित्री ही सतरा नंबर, आमची लाजाळू. वाटीकाकांशिवाय कुणाच्या हातचं खात नाही. त्यांनासुद्धा तिला उचलूनच न्यावं लागतं. चार वर्षांत ती कुठल्याही माणसामागे एक पाऊल चाललेली नाही."

भागूबाई थांबल्या. त्यांच्या पायाशी फरशीला ताज्या सिमेंटचं ठिगळ होतं. त्यात रबरी बुटाचा एक ठसा होता, बाहेरच्या दाराच्या दिशेने. आणि बुटाच्या ठशाच्या आत, टाचेवर, कुत्र्याच्या पंजाचा ठसा होता.

"माणूस पुढे गेलाय आणि कुत्रं त्याच्या पावलावर पाऊल टाकत मागून गेलंय," त्या म्हणाल्या. "दोरीने ओढलेलं कुत्रं असं चालत नाही. तुझी लाजाळू काल कुणाच्या तरी मागे आपण होऊन चालत गेली."

२

केंद्राच्या चाव्या चौघांकडे होत्या. एक भाची. दुसरे वाटीकाका, म्हणजे कुत्र्यांना खायला घालणारे म्हातारे रखवालदार. ते मोरीवर वाट्या घासत होते आणि त्या फार जोरात आपटत होते.

"सिमेंट मीच घातलं. शुक्रवारी, साडेबाराला. वरती फळी टाकली आणि एकला जेवायला गेलो, दोनला आलो. संध्याकाळी पाचला खाणं घेऊन गेलो तर पिंजरा मोकळा. फळी सोडून कुणी सिमेंटात पाय घातला ते तेव्हाच दिसलं. समोर फळी असताना? आंधळ्यालासुद्धा कळेल."

"कुत्र्यावरून संशय तुमच्यावर आहे म्हणे."

"मोठ्या साहेबांचा निरोप आलाय. सोमवारी दहापर्यंत कुत्री आली नाही तर मी येऊ नये म्हणून." वाटीकाकांनी आणखी एक वाटी आपटली. "बाई, मी नेली असती तर काखेत मारून नेली असती. पंजा उमटलाच नसता. एवढं तर तुम्हाला कळतं ना?"

"कळतं," भागूबाई म्हणाल्या. "म्हणून तर मी तुमच्यापासून इतक्या जवळ उभी आहे. एरवी राहिले नसते, तुमच्या अंगाला कुत्र्यांचा वास येतो."

वाटीकाका एवढ्या रागातही हसले.

तिसऱ्या शिट्टीबाई. धीट कुत्र्यांना शिकवणाऱ्या, गळ्यात शिट्टी, आवाज असा की शिट्टीची गरज काय हा प्रश्न पडावा. "त्या लाजाळूला माझ्या ताब्यात द्या म्हणून मी कधीची सांगतेय. पंधरा दिवसांत वाघीण करून दाखवते!"

"तुमच्याबरोबर कुत्री कुठल्या बाजूने चालतात?"

"डावीकडे, गुडघ्याला लागून. मागे रेंगाळणारं कुत्रं माझ्याकडे नापास."

भागूबाईंनी मनातल्या यादीतून शिट्टीबाईंना खोडलं. माणसं खोटं बोलतात, सवयी बोलत नाहीत, हे त्या विम्यात शिकल्या होत्या.

चौथे होते नोंदी ठेवणारे कारकून. काडीसारखे सडपातळ, कडक इस्त्रीचे कपडे, आणि खिशात टाचण्यांची डबी. सगळे त्यांना टाचणीच म्हणत. यांच्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. भाची म्हणाली, "त्यांना विचारून काय उपयोग? ते कुत्र्यांना तुझ्याइतकेच घाबरतात."

"लहानपणी एक मागे लागलं होतं," टाचणी स्वतःच म्हणाले. "तेव्हापासून मी मागे वळून बघत नाही. वळलं की ती दिसतात."

"मग इथे नोकरी कशी करता?"

"कागदांकडे बघून. चाचणीच्या खोलीत बसावं लागतं, तिथे मी भिंतीकडे तोंड करून बसतो. मॅडम सेकंद सांगतात, मी लिहितो. बोळातून जाताना छताकडे बघतो. एकवीस दिवे आहेत, त्यांतले चार बंद. तीनदा लेखी कळवलंय."

भागूबाईंना हा माणूस फार आवडला. आपल्याच गावचं कुणीतरी परक्या मुलखात भेटावं तसं त्यांना झालं. टाचणी त्यांना नोंदवह्यांच्या खोलीत घेऊन गेले. पुढे ते, मागे भागूबाई. त्यांच्या कडक पँटच्या मागच्या बाजूला, पोटरीपाशी, पांढरं काहीतरी चिकटलं होतं. लाळेचे नमुने घ्यायला इथे जिथे तिथे कापसाचे बोळे पडलेले असत, त्यांतलंच असावं. आत शिरल्यावर टाचणींनी पाठीमागे हात नेऊन, न बघता, दाराची कडी लावली.

"शनिवारचा अर्धा दिवस आहे. बाराला निघतो मी. घरी पाहुणे आलेत," म्हणून ते गेले.

त्यांच्या टेबलावर एक पत्र होतं, तीन प्रती, कोपऱ्यात सरळ रेषेत टाचणी. भागूबाईंनी ते वाचलं. सोमवारी सकाळी अकरा वाजता कुत्री क्रमांक सतरा हिला इंजेक्शन देऊन झोपवण्यात यावं आणि तिचा मेंदू तपासणीसाठी काढून घेण्यात यावा. खाली सही होती. ती त्यांच्या लाडक्या भाचीची होती.

३

"हे मला फोनवर का नाही सांगितलंस?"

भाची खिडकीकडे बघत राहिली. "कारण तू आली नसतीस."

"आले असते. येऊन तुझा कान पिळला असता."

"मावशी, ऐकून तरी घे." तिने दोन आलेख समोर ठेवले. "भीती मोजायची आमची रीत साधी आहे. रिकाम्या खोलीत कुत्रं सोडायचं. अनोळखी माणूस आत येतो, उकिडवा बसतो, कुत्र्याकडे बघत हात पुढे करतो. कुत्रं किती सेकंदांत जवळ येतं ते मोजायचं. वीस मिनिटांनी लाळ घ्यायची. घाबरलं की अंगात कॉर्टिसॉल नावाचं द्रव्य वाढतं, ते लाळेत उतरतं. एकोणचाळीस कुत्र्यांचे आकडे बऱ्यापैकी सरळ. भित्र्यांचे वर, धिटांचे खाली. ही एकटी सतरा नंबर! एक दिवस आकडा आभाळाला, दुसऱ्या दिवशी धीट कुत्र्यासारखा खाली. जवळ तर ती कुणाच्याच येत नाही. मग भीती कमी कशी? वर्षभर डोकं आपटलं. शेवटी सगळे म्हणाले, लाळेवरून कळणार नाही, मेंदूच बघायला हवा. निरोप पोहोचवणारी जी द्रव्यं मेंदूत असतात ती किती आहेत, कुठे आहेत. जिवंतपणी ते बघता येत नाही."

"आणि तू सही केलीस."

"केली. आणि घरी जाऊन उलटी केली. तेही लिहून ठेवू का वहीत?"

भागूबाईंनी तिला जवळ घेतलं. आता पेच असा होता. कुत्री सापडली नाही तर सोमवारी दहाला वाटीकाकांची नोकरी जाणार. सापडली तर अकराला कुत्रीचा जीव जाणार. तीस वर्षांत भागूबाईंनी शेकड्याने प्रकरणं सोडवली होती, पण सोडवल्याने वाईट होईल असं प्रकरण त्यांच्यापुढे कधी आलं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडे त्यांचंच माणूस.

"एक सांग," त्या म्हणाल्या. "आकडा कधी वर आणि कधी खाली, याला काही धरबंध?"

"काही नाही. तोच तर घोळ आहे."

"घोळ नसतो गं. आपण चुकीच्या रकान्यात बघत असतो," भागूबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला आणि सिमेंटचा ठसा पुन्हा बघायला एकट्याच बोळाकडे निघाल्या. उजवीकडची कुत्री या वेळी फिरायला मोकळी सोडलेली असतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

४

बोळाच्या मध्यावर त्यांनी मान वर केली आणि त्यांना वीस नाही तरी डझनभर कुत्री दिसली. पिंजऱ्यात नव्हे, बोळात. मागे वळावं तर तिकडेही तीन.

भागूबाईंनी घराण्याला शोभेल असं केलं. त्या भिंतीकडे वळल्या, कपाळ भिंतीला टेकवलं, डोळे गच्च मिटले आणि पाढे म्हणायला लागल्या.

सातापर्यंतचे पाढे झाले. काहीच घडलं नाही. मग नखांचा अगदी बारीक आवाज आला, टिक टिक, आणि थांबला. पुन्हा आला. आठाचा पाढा म्हणताना त्यांच्या गुडघ्याच्या मागे काहीतरी गार, ओलं टेकलं. आठ सक किती, ते त्यांना आठवेना. मग दुसरीकडे तसंच. कुणीतरी दीर्घ श्वास सोडला, आणि पोटरीला एक ऊबदार अंग टेकून बसलं.

"बाई," दुरून वाटीकाकांचा दबका आवाज आला. "अजिबात हलू नका."

"मी हलेन असं तुम्हाला वाटलंच कसं?" भागूबाई भिंतीशी पुटपुटल्या.

"पाच जणी आहेत तुमच्या मागे. एक तर बसलीच आहे टेकून. बाई, मी यांना पिल्लं असल्यापासून भरवतोय. मला कधी अशी टेकली नाही एक." म्हातारा दोन पावलं पुढे आला. "काय केलंत तुम्ही?"

"मी घाबरले," भागूबाई म्हणाल्या.

आणि हे बोलता बोलता त्यांना हसू यायला लागलं. भिंतीला कपाळ लावून, डोळे मिटून, त्या इतक्या हसल्या की पोटरीला टेकलेली कुत्री दचकली, पण गेली नाही. वाटीकाकांनी हळूहळू सगळ्यांना पिंजऱ्यांकडे वळवलं, तेव्हा भागूबाईंनी साडीचा मागचा काठ ओढून पुढे घेतला. त्यावर आखूड पांढरे केस चिकटले होते. लांबून पाहिलं तर कुणालाही कापूसच वाटला असता.

"वाटीकाका," त्या म्हणाल्या, "चाचण्यांच्या चार वर्षांच्या वह्या काढा. आणि माझ्या भाचीला बोलवा. सोमवारच्या आधी तिला एक रकाना दाखवायचाय."

५

वह्यांत सगळं होतं. चार वर्षं तिथेच होतं आणि रोज नीट टाचून ठेवलं जात होतं.

"हा शेरा वाच," भागूबाई म्हणाल्या.

"'जवळ आली नाही. कोपऱ्यात गेली.' हो, मावशी. माणसाला टाळून कोपऱ्यात जाणं म्हणजे भीतीची खूण. आम्ही ते भीतीतच मोजतो."

"कुठल्या कोपऱ्यात?"

"खिडकीच्या."

"त्या कोपऱ्यात काय आहे?"

"काही नाही. एक खुर्ची आहे. टाचणी बसतात तिथे…" भाची बोलता बोलता थांबली.

"आता अक्षर बघ. हे बारीक, एका रेषेतलं अक्षर टाचणींचं. हे गलेलठ्ठ अक्षर शिट्टीबाईंचं, टाचणी रजेवर असतानाचं. शिट्टीबाईंच्या पानांवर लाजाळू कोपऱ्यात गेलीय का?"

भाचीने पानं उलटली. आधी सावकाश, मग भराभर. "नाही. 'दाराशी थिजली.' 'दाराशी थिजली.' इथेही दाराशी." तिने लाळेच्या आकड्यांची वही ओढली आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. शिट्टीबाईंच्या प्रत्येक पानाला आकडा वर होता. टाचणींच्या प्रत्येक पानाला खाली.

"तुमच्या खोलीत नेहमी दोन माणसं होती," भागूबाई म्हणाल्या. "एक कुत्र्याकडे टक लावून बघणारा. दुसरा कुत्र्याइतकाच घाबरलेला, भिंतीकडे तोंड करून बसलेला. तुम्ही मोजलात फक्त पहिला. कारकून म्हणजे तुम्हाला खुर्चीचाच एक पाय वाटला. लाजाळू माणसाला टाळत नव्हती गं. ती माणसाकडेच जात होती."

"म्हणजे यांना माणसाची भीती नाही…"

"माणसाच्या नजरेची आहे. निदान मला तरी आज पाच जणींनी तसंच सांगितलं. बाकी तू मोज, डॉक्टर तू आहेस." भागूबाई उठल्या. "आता विचार कर. फळी सोडून सिमेंटात पाय कोण घालेल? छताकडे बघत चालणारा. कुत्री बाहेर आली तरी रिकाम्या पिंजऱ्याला कडी कोण घालेल? न बघता पाठीमागे हात करून कडी लावणारा. आणि सगळ्यांनी संशयातून सोडला कोण? कुत्र्यांना घाबरणारा. आपण म्हटलं, घाबरणारा कुत्री कशी नेईल? पण ती दुसऱ्या कुणाच्या मागे गेलीच नसती."

टाचणींचं घर चालत वीस मिनिटांवर होतं. दार त्यांनीच उघडलं. दोघींना पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण ते दारातून बाजूला झाले.

"या. फक्त माझ्या मागे बघू नका. ती बिचकते."

त्यांच्या पोटरीआडून एक पांढरा कान दिसत होता.

"मी चोरली नाही," टाचणी खुर्चीत बसून, भिंतीकडे तोंड करून सांगायला लागले. "मी फक्त पुढे चालत होतो. ते पत्र मीच टाइप केलं. तीन प्रती काढल्या. सतरा आकडा लिहिताना बोट एकदाही अडखळलं नाही, याचंच मला वाईट वाटलं. चार वर्षं ती चाचणीत माझ्या मागे येऊन बसायची. मला वाटायचं, तिला कोपरा आवडतो. पण श्वास लागायचा घोट्याला. म्हणून शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत म्हटलं, निरोप घ्यावा. पिंजऱ्यात गेलो, नेहमीसारखा पाठ करून दहा मिनिटं बसलो. मग उठलो, बाहेर आलो, कडी लावली आणि दिवे मोजत निघालो."

"आणि नखांचा आवाज आला," भागूबाई म्हणाल्या.

"आला. मला वाटलं दुसरंच कुठलं सुटलंय. कोण वळून बघणार? मी भरभर चाललो, तोही आवाज भरभर. रस्त्याने तर मी जवळजवळ पळतच होतो. घरात शिरून दार लावलं तेव्हा कळलं, आवाज आतच आहे." त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "मग आठवलं, सोमवार. आणि मी गप्प बसलो. वाटीकाकांवर येईल हे आज सकाळी कळलं. सोमवारी दहाच्या आत मीच सांगणार होतो, पण तिला आधी कुठेतरी पोचवून. कुठे, ते सुचत नव्हतं."

"शुक्रवारपासून वळून बघितलं नाहीत?" भाचीने विचारलं.

"नाही."

"जेवण?"

"भिंतीकडे तोंड करून. तिची वाटी मागे सरकवतो. खाण्याचा आवाज येतो."

भाचीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. तिने दोन्ही एकदम केलं.

६

सोमवारी नऊ वाजता टाचणी केंद्रात आले, दिवे मोजत. त्यांच्या पावलांमागे लाजाळू आली, स्वतःच्या चार पायांवर. वाटीकाका मोरीच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "आता माझी कंबर तरी वाचेल," आणि वाट्या घासायला आत गेले. बराच वेळ आतून वाटीचा आवाज आला नाही.

शेवटची चाचणी साडेनऊला ठेवली होती. भाची स्वतः उकिडवी बसली, हात पुढे केला, लाजाळूकडे बघितलं. टाचणी खुर्चीत, तोंड भिंतीकडे. नोंद करायला भागूबाई बसल्या, त्यांचंही तोंड भिंतीकडे, कारण दुसरं काही त्यांना जमलंच नसतं. लाजाळू दाराशी थिजली. मग भाचीला मोठा वळसा घालून कोपऱ्यात आली आणि टाचणींच्या टाचेवर हनुवटी ठेवून आडवी झाली.

वीस मिनिटांनी लाळ घेतली. यंत्राने उत्तर द्यायला आणखी पाऊण तास घेतला. तोवर दहा वाजून गेले, आणि मोठ्या साहेबांचा फोन तीनदा वाजून बंद झाला. आकडा आला तेव्हा भाचीने तो दोनदा वाचला. धीट घराण्यातल्या सगळ्यांत दांडग्या कुत्र्याचा आकडासुद्धा त्याच्या वर होता.

चौथ्यांदा फोन वाजला तेव्हा तिने तो उचलला. "सापडली, साहेब. हो, वाटीकाकांचा काही संबंध नाही, मी लिहून देते. नाही, अकराचं रद्द. नाही साहेब, मेंदू उत्तम आहे. म्हणूनच तो आहे तिथेच राहू दे, तिच्या डोक्यात. मेलेल्या मेंदूतून मला एकदाच उत्तर मिळालं असतं. ही रोज देते. आणि चार वर्षांच्या सगळ्या चाचण्या मी पुन्हा करणार आहे, पाठ फिरवून." पलीकडून बराच वेळ काहीतरी ऐकू येत राहिलं. "चूक माझी आहे साहेब, तीही लिहून देते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिने तिन्ही प्रतींची टाचणी काढली, ती डबीत परत ठेवली आणि कागद फाडले.

खोलीत भागूबाई आणि टाचणी अजून भिंतीकडे तोंड करूनच बसले होते.

"एक विचारू?" टाचणी म्हणाले. "तिचे डोळे कसे आहेत? चार वर्षं नोंद ठेवतोय मी. वजन आहे, उंची आहे, लाळ आहे. डोळ्यांच्या रंगाचा रकानाच नाही."

"वळून बघा की."

"तुम्ही आधी."

"मी? मला भागूबाई म्हणतात."

"मग दोघं मिळून," टाचणी म्हणाले. "तीन म्हटल्यावर."

एक झालं, दोन झालं, आणि अडीचवर थोडं थांबणंही झालं. मग दोघं वळले. लाजाळूने मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. डोळे मधाच्या रंगाचे होते, डावा किंचित फिका. मग लाजाळू उठली, जागच्या जागी फिरली, दोघांकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून टाचणींच्या पायाला टेकून बसली.

"रीतभात शिकली की हो आपली," भागूबाई म्हणाल्या. त्यांनी वही पुढे ओढली, पट्टी मागितली आणि डोळ्यांच्या रंगाचा नवा रकाना आखला.